जॉन्सनव्हिलची पांढरी बाई

न्यूझीलंडमध्ये आमच्या स्वागताला सगळ्यात आधी पुढे आला तो एक कुत्रा. ऑकलंडच्या विमानतळावर लांब कानांचा, अंगात जाकीट घातलेला तो सरकारी नोकर जगभरच्या बॅगा ओलांडून थेट माझ्या बॅगेपाशी आला आणि शेपटी हलवत खाली बसला. मला वाटलं, चिपळूणची कुठलीतरी ओळख निघाली. सुमन, म्हणजे माझी बायको, म्हणाली, "सांगत होते, कारिटं घेऊ नका."

कारीट म्हणजे आमच्या कोकणात दिवाळीच्या सुमाराला कुंपणावर येणारं, लिंबाहून लहान, कडूजहर फळ. नरक चतुर्दशीच्या पहाटे तुळशीपुढे ते डाव्या पायाच्या अंगठ्याने फोडायचं, 'गोविंदा' म्हणून ओरडायचं आणि त्याचा रस बोटाने जिभेला लावायचा. झाला नरकासुर ठार. त्या वर्षीची दिवाळी आम्ही आमच्या मुलाकडे, मंदारकडे, वेलिंग्टनजवळच्या जॉन्सनव्हिलला करणार होतो. परदेशात राक्षस मिळेल न मिळेल, म्हणून मी घरूनच बांधून आणला होता.

अधिकारी बाई चांगली धिप्पाड आणि हसतमुख होती. "किया ओरा" (म्हणजे इथला नमस्कार) म्हणून तिने एक कारीट चिमटीत धरलं.

"हे खाता का तुम्ही?"

"नाही. मारतो."

"कशाने?"

"पायाने. हा राक्षस आहे."

तिने दुसऱ्या अधिकाऱ्याला बोलावलं, दुसऱ्याने तिसऱ्याला. मी नरकासुराची कथा पहिल्यापासून सांगायला घेतली. मी जन्मभर चिपळूणच्या एसटी स्टँडवर माइकवरून गाड्या पुकारल्या आहेत, त्यामुळे माझं कुजबुजणंही सगळ्या फलाटांना ऐकू जातं. पलीकडच्या रांगेतले लोक पासपोर्ट मिटून ऐकायला लागले. सुमनने अर्जावर आधीच सगळं खरं लिहून ठेवलं होतं, म्हणून समज देण्यावर भागलं. श्रीकृष्णाला नरकासुरासाठी अख्खं युद्ध करावं लागलं. न्यूझीलंड सरकारने तो एका बादलीत टाकला आणि वर झाकण लावलं. पाठोपाठ उटण्याची पुडीही गेली, कारण तिच्यात कुठकुठल्या झाडांची मुळं आहेत ते मला सांगता येईना.

तिथून दुसऱ्या विमानाने वेलिंग्टन. आमचं विमान उतरलं असं मी म्हणणार नाही. वाऱ्याने ते बराच वेळ हातात खेळवलं आणि कंटाळा आल्यावर खाली ठेवलं. या गावात लोक कपडे वाळत घालत नाहीत, सोडतात. माझा पंचा मी पहिल्याच दिवशी मंदारच्या अंगणात दोन चिमटे लावून टाकला होता. तो अजून हवेत असावा किंवा चिलीच्या किनाऱ्याला लागला असावा.

बाकी जॉन्सनव्हिल देखणं. टेकड्यांच्या उतारावर लाकडी घरं, दऱ्याखोऱ्यांत पिवळीधमक फुललेली काटेरी झुडपं, आणि बोगद्यांतून वाट काढत खाली शहराकडे जाणारी छोटी आगगाडी. सकाळी तुई नावाचा काळा पक्षी असा काही ओरडतो की वाटावं, कुणीतरी जुना रेडिओ लावतंय आणि स्टेशन सापडत नाहीये. दुकानात, बागेत, गाडीत सगळीकडे मराठी कानावर पडते. डेअरीत (म्हणजे कोपऱ्यावरच्या दुकानात, तिथे दूध मिळतं, पण म्हैस नसते) मी मोठ्याने सुमनला दुधाचा भाव विचारला, तर मागून एक अनोळखी बाई म्हणाली, "काका, पुढच्या रस्त्यावर स्वस्त आहे."

मंदार संगणकाच्या कामात. त्याची बायको केतकी रुग्णालयात फार्मासिस्ट. आणि त्यांची आठ वर्षांची इरा. इराला मराठी सगळं कळतं, पण उत्तर इंग्रजीत येतं. मी मराठीत विचारणार, ती इंग्रजीत सांगणार. आमचं दोघांचं उत्तम चालतं.

पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी तिने मला बाजूला घेतलं आणि दार लावलं. प्रकरण गंभीर होतं. ऑक्टोबरच्या शेवटी इथे हॅलोविन असतं. पोरं भुताखेतांची सोंगं घेऊन दारोदार फिरतात आणि घरोघरी त्यांना गोळ्या-चॉकलेटं देतात, ज्यांना इथे लॉली म्हणतात. पण गेल्या वर्षी केतकीने, साखरेने दात किडतात म्हणून, लॉलीऐवजी चिवड्याच्या पुड्या वाटल्या. एका बिचाऱ्या सांगाड्याच्या दाताखाली मिरची आली. तो जो बोंबलत सुटला, तो म्हणे त्या संध्याकाळचा सगळ्यात भयानक आवाज होता. तेव्हापासून गल्लीतली पोरं यांच्या घराला 'चिली हाउस' म्हणत होती आणि शाळेत इराला 'चिली'.

"धिस इयर ओन्ली लॉलीज," इरा बोट नाचवत म्हणाली. "अँड आजोबा, नो वीअर्ड स्टफ. प्लीज. प्रॉमिस?"

वीअर्ड म्हणजे विचित्र, चारचौघांत मान खाली घालायला लावणारं. मी गळ्याला हात लावून शपथ घेतली. या वर्षी पोरं आपल्या दाराशी यावीत आणि 'चिली' हे नाव पुसलं जावं, एवढीच तिची इच्छा होती. त्यासाठी आजोबांनी सरळ वागायचं होतं, बस.

तिला काय ठाऊक, भुतं हा माझा किती जिव्हाळ्याचा विषय आहे! परशुराम घाटातली, वाशिष्ठीच्या पुलावरची, शेवटच्या गाडीत बसून तिकीट न काढणारी. इतक्या भुतांच्या गोष्टी मी स्टँडवर सांगितल्या आहेत की गाडी चुकलेले प्रवासी दुसरी गाडीही मुद्दाम चुकवायचे. मी स्वतः मात्र एकही भूत पाहिलेलं नाही. पाहिलं असतं तर गोष्टी इतक्या चांगल्या झाल्या नसत्या.

म्हणूनच मंदारने आम्हाला शहरातल्या एका जुन्या नाट्यगृहात 'भुतांची सहल' करायला नेलं, तेव्हा मी व्यवसायबंधूंना भेटायला निघाल्यासारखा निघालो. वाटेत घराघरांच्या कुंपणांवर प्लॅस्टिकचे सांगाडे टांगलेले. आता गंमत अशी की तिकडे ऑक्टोबरात वसंत असतो. झाडं फुललेली, टेकडीवर कोकरं बागडताहेत आणि त्यात हे सांगाडे. भुतं कुठल्यातरी लग्नाला आल्यासारखी दिसत होती.

नाट्यगृहातल्या मार्गदर्शकाने दिवे मंद केले, अमुक खुर्ची आपोआप खाली पडते असं सांगितलं आणि मग पुरावा दाखवला: रिकाम्या रंगमंचाचा फोटो आणि त्यात एक पांढुरका गोळा.

"हा आत्मा," तो म्हणाला.

"आमच्या लग्नाच्या अल्बममध्ये असे पुष्कळ आहेत," मी म्हणालो. "फोटोग्राफर म्हणाला होता, धूळ आहे."

"काही गोळे धुळीचेही असतात," तो समजूतदारपणे म्हणाला. "हा नाही."

"कशावरून?"

"धूळ अशी बघत नाही."

मी टाळी दिली त्याला. गडी तयारीचा होता. बाहेर पडताना एका काळ्या पडद्यामागून कुणीतरी हात बाहेर काढला आणि मी अशी आरोळी ठोकली की तो हातच घाबरून आत गेला. मंदारला सांगितलं, "बघ, विश्वास नसला की घाबरायला जास्त मजा येते."

शनिवारी नरक चतुर्दशी. सोमवारी हॅलोविन. आमचा देव आणि त्यांची भुतं त्या वर्षी एकाच आठवड्यात आली होती.

कारीट तर सरकारजमा झालं होतं. सुमन म्हणाली, "राहू दे एक वर्ष." मी म्हटलं, "म्हणजे नरकासुर एक वर्ष मोकळा?" स्वयंपाकघरात परडी भरून किवीची फळं होती. आकार थोडा मोठा, वर राक्षसाला शोभेल अशी लव. कडू नव्हतं, पण परदेशात माणसाने तडजोड करावी. उटण्याच्या जागी सुमनने बेसन, दुधाची पावडर आणि हळदीचं बोट असं कालवून दिलं. आमच्या घराण्यात उटणं अंगाला चोपडून, आंघोळीच्या आधी राक्षस मारतात. ते थापून होईपर्यंत मी केसांपासून पायापर्यंत भज्यासारखा दिसायला लागलो. फक्त तळायचा बाकी.

पंचा चिलीच्या वाटेवर. न्हाणीघरात हाताला लागला तो इराचा पोहायला न्यायचा टॉवेल, आकाशी, त्यावर उड्या मारणारे डॉल्फिन. तो कमरेला जेमतेम पुरला. पणती वाऱ्याला टिकेना, म्हणून ती मुरंब्याच्या रिकाम्या बरणीत ठेवली आणि पहाटेच्या अर्ध्या उजेडात मी अंगणात गेलो. तुळशीची कुंडी थंडीमुळे एरवी घरात असते. सणाचा मान म्हणून तिला कुंपणाजवळ ठेवलेलं. दक्षिणेकडून वारा येत होता. तिकडून म्हणजे अंटार्क्टिकावरून, वाटेत कुठेही न थांबता, विनाथांबा.

केतकीने कामावर जाता जाता बजावलं होतं, "बाबा, इथे लोक झोपलेले असतात. ओरडू नका हं." मी किवी जमिनीवर ठेवली, डावा पाय उचलला, अंगठा नेमका मध्यावर दाबला आणि तोंड पार कानापर्यंत उघडून, मान मागे टाकून, आवाज न काढता ओरडलो, "गोविंदा!" जन्मात पहिल्यांदाच मी काही मुक्याने म्हटलं होतं. मग रस बोटाने जिभेला लावला आणि थंडीने उड्या मारत घरात पळालो.

राक्षस मेला. विषय संपला असं मी समजलो.

दुपारी फराळाच्या वेळेला शेजारचे ट्रेव्हर धापा टाकत आले. ट्रेव्हर सत्तरीचे, एकटे राहणारे, पायात बारा महिने जँडल (आपल्या रबरी स्लिपर). त्यांनी कुंपणाशी एक कॅमेरा लावला होता. अंधारात काही हललं की तो आपोआप फोटो काढतो. त्यांना पोसम पकडायचा होता. पोसम म्हणजे मांजराएवढा, झाडांची पालवी फस्त करणारा प्राणी.

"पोसम नाही मिळाला," ट्रेव्हर म्हणाले. "हे मिळालं."

त्यांनी टेबलावर फोन ठेवला. आम्ही सगळे वाकलो. पहिल्या फोटोत एक पांढरीफटक आकृती, हातात तरंगता उजेड. दुसऱ्यात तीच आकृती एक पाय उचलून जमिनीकडे बघत्येय. तिसऱ्यात मान मागे, तोंडाचा मोठा काळा खड्डा. डोळे नुसते चमकताहेत.

"मूक किंकाळी," ट्रेव्हर पुटपुटले. "बिचारी. जुन्या काळी या टेकडीवर मेंढरं राखणाऱ्या कुणाची तरी बायको असणार. कंदील घेऊन नवऱ्याला शोधत्येय."

सुमनला चहाचा ठसका लागला. मी तोंड उघडलं आणि समोर इराला पाहिलं. ती फोटोकडे टक लावून बघत होती, हातातली चकली तशीच. मला शपथ आठवली. आता मी 'अहो, तो मीच' म्हणालो असतो, तर सोमवारपर्यंत सगळ्या गल्लीला कळलं असतं की चिलीचा आजोबा पहाटे अंगाला पीठ फासून, टॉवेल गुंडाळून, फळांवर नाचतो. मी तोंडात लाडू घातला.

"एखादा माणूस असेल," लाडवामागून मी एवढंच म्हणालो.

"मित्रा," ट्रेव्हर म्हणाले, "दक्षिणेचा वारा सुटलेला असताना, तसल्या पहाटे, कुठला माणूस कपडे काढून बाहेर येईल?"

मलाही तो प्रश्न पहाटे पडला होता.

रविवारी सगळी गल्ली ट्रेव्हरच्या स्वयंपाकघरात लोटली. एरवी त्या घरात रेडिओखेरीज आवाज नसतो, आज तिथे बसायला खुर्ची मिळेना. ट्रेव्हर नवा शर्ट घालून चहा करत होते. शहरातून शॅरन नावाच्या भूतसंशोधक बाई आल्या होत्या, नखशिखांत काळ्या कपड्यांत, हातात एक दिवे लुकलुकणारं यंत्र घेऊन. आत्मा जवळ आला की ते ओरडतं म्हणे. ते माझ्यापाशी आल्यावर जोरात ओरडलं. सगळे चपापले. मी खिशातून फोन काढून टेबलावर ठेवला. यंत्र टेबलावर ओरडायला लागलं.

शॅरनबाईंनी फोटो मोठा केला. "स्त्रीच. शंका नाही. हे पाऊल बघा, किती नाजूक पडतंय."

"नाजूक," सुमन म्हणाली आणि खिडकीकडे तोंड करून उभी राहिली. तिचे खांदे हलत होते.

"आणि हे पोट?" मी विचारलं. मला राहवेना. "बाईला एवढं पोट?"

"गरोदर असेल," शॅरनबाई हळुवारपणे म्हणाल्या. खोलीत हळहळ पसरली. "आणि स्कर्टवर ही नक्षी दिसते? हाताने विणलेली लेस आहे. एकाच आकाराची फुलं, ओळीने."

ती फुलं उड्या मारत होती, हे माझ्याखेरीज कुणालाच दिसेना. मी पुरावा मागायचं ठरवलं. कुंपणाजवळ आधी कधी काही दिसलंय का? नाही. जमिनीवर काही सापडलं? हो, म्हणे, हिरवट, चिकट, बियांचं काहीतरी. शॅरनबाईंनी ते डबीत भरून घेतलं होतं. "परलोकातून येणारा द्रव," त्या म्हणाल्या. मी म्हटलं, "वास घेऊन बघा, किवीचा येईल." त्या म्हणाल्या, "आश्चर्य म्हणजे येतोच! न्यूझीलंडचा आत्मा आहे ना."

इतका वेळ मी हे मजेत घेत होतो. पण निघताना मी पाहिलं, दोन पोरं ट्रेव्हरच्या दारातून बाहेर पडली आणि आमचं फाटक टाळून, रस्ता ओलांडून, पलीकडच्या बाजूने गेली. कारण कॅमेऱ्यातल्या शेवटच्या फोटोत भूत कुठे पळतंय हे स्पष्ट दिसत होतं: आमच्या मागच्या दाराकडे.

सोमवार उजाडला. हॅलोविनची संध्याकाळ म्हणजे माझ्या डोळ्यांसमोर काळोख, वटवाघळं, धुकं. प्रत्यक्षात ऊन मरायला तयार नाही! तिकडे तेव्हा आठाच्या सुमाराला मावळतं. सहा वाजता लख्ख उन्हात सगळा परलोक रस्त्यावर आला. एक आई तिच्या सांगाड्याला धरून नाकाला उन्हाचं क्रीम लावत होती. एक हडळ डोळ्यांवर हात धरून चालत होती. वाऱ्याने कुणाचं तरी मुंडकं उडालं आणि त्याचा बाप त्याच्यामागे टेकडी उतरत गेला.

आमच्या पायरीवर इरा बसली होती. काळा झगा, काळी टोकदार टोपी, ती उडू नये म्हणून हनुवटीखाली बांधलेली. मांडीवर लॉलींनी भरलेली बादली. केतकीने साखरेसमोर शरणागती पत्करून ती स्वतः आणली होती. शेजारी मंदार भोपळ्याचा दिवा लावत होता आणि वारा तो विझवत होता.

फाटकाशी कुणी थांबेना. पोरं यायची, आमच्या कुंपणापाशी आली की गप्प व्हायची आणि रस्ता ओलांडायची. समोरच्या घरात दारातच खरवडलेल्या तोंडाचं प्रेत उभं होतं; त्याच्याशी ती हात मिळवत होती. पण आमच्या फाटकावर एक साधं कोळिष्टकही नव्हतं आणि त्याला ती भीत होती. खोट्या भुताकडे पोरं धावत जातात. खऱ्याचा फोटो पाहिला की वळसा घालतात.

"येतील गं," मंदार म्हणाला. "स्वीट अ‍ॅज." (म्हणजे इथलं 'सगळं ठीक'.) "अजून वेळ आहे."

इराने बादलीतल्या लॉली रंगांप्रमाणे लावल्या, मग पुन्हा विस्कटल्या. मी दाराआडून बघत होतो. स्टँडवर अशी पोरं मी पाहिली आहेत, नातलगांना न्यायला आलेली. गाडी येते, सगळे उतरतात आणि यांचं कुणी उतरत नाही. तेव्हा मी माइकवरून मुद्दाम पुढच्या गाडीचं नाव दोनदा पुकारायचो. इथे माइक नव्हता आणि तोंड मी स्वतःच शपथेने बंद करून बसलो होतो.

थोड्या वेळाने इरा उठली. टोपी सोडली, माझ्या बाजूने आत गेली. मला वाटलं, संपलं. आता खोलीत जाऊन रडणार. ती बाहेर आली ती डॉल्फिनचा टॉवेल घेऊन. तिने तो माझ्या हातात दिला.

"इट्स माय टॉवेल, आजोबा," ती म्हणाली. "आय न्यू ऑन सॅटर्डे."

पोरीने पहिल्या फोटोतच ओळखलं होतं. संशोधकांना जी लेस दिसली, ते तिचे डॉल्फिन होते. आणि दोन दिवस ती गप्प होती, मी गप्प होतो, दोघं एकमेकांना सांभाळत.

"पण तूच म्हणालीस ना, वीअर्ड काही नको?"

तिने एकदा रिकाम्या फाटकाकडे पाहिलं. "कॅन यू डू इट अगेन? बट हीप्स स्केअरिअर."

हीप्स म्हणजे पुष्कळ. मला आयुष्यात कुणी 'पुष्कळ' म्हणून काही मागितलं की मी कमी पडलेलो नाही.

सुमनने बेसन कालवलं. लग्नापासून या बाईने मला इतक्या आनंदाने काही लावलं नव्हतं. थोबाडावर तर तिने थापट्याच मारल्या. "नाजूक पाऊल," ती म्हणत होती आणि मारत होती. "घ्या! गरोदर म्हणे!" केतकी किवींची परडी घेऊन पुढे झाली.

आणि मी दार उघडून लख्ख उन्हात बाहेर आलो. पांढराफटक, केस उभे, कमरेला डॉल्फिन, हातात बरणीतली पणती. रस्त्यावरची भुतं जागच्या जागी थबकली. ट्रेव्हर आणि शॅरनबाई कुंपणापलीकडे यंत्र घेऊन उभे होते. मी पायरी उतरलो, किवी ठेवली, पाय उचलला आणि शनिवारपासून पोटात अडकून पडलेला आवाज सोडून दिला.

"गोविंदाऽऽऽ!"

खोटं नाही सांगत, टेकडीवरची कोकरं खाली बसली. वारा क्षणभर थांबला आणि खाली बंदरात एका जहाजाने भोंगा वाजवून उत्तर दिलं. किवी फुटून सगळीकडे उडाली. पोरं किंचाळत चारी दिशांना पांगली. हडळी, सांगाडे, कापलेली मुंडकी, सगळे आपापल्या आयांच्या मागे.

मग इरा फाटकावर चढली. तिने आवाज लावला आणि मला कळलं, माझा माइक कुणाकडे गेलाय.

"दॅट्स माय आजोबा!" तिने इंग्रजीत दणदणीत सांगितलं. हा राक्षस आहे, तो दर दिवाळीला मरतो, डाव्या पायाने मारायचा असतो आणि जो मारेल त्याला लॉली मिळेल. फोटोतलं भूत ते हेच. भिणाऱ्याने पलीकडच्या रस्त्याने जावं.

पहिला आला तो गेल्या वर्षीचा, मिरचीवाला सांगाडा. त्याने माझ्या पोटाला बोट लावून बघितलं, बोट चाटलं, तोंड वाकडं केलं आणि जँडल काढली. "गो-विंदा!" फच्च. त्यानंतर रांग लागली. मी मधे उभा राहून स्टँडवरच्या सुरात पुकारत होतो, "जॉन्सनव्हिलहून नरकाकडे जाणारी गाडी फलाटावर उभी आहे, डावा पाय पुढे!" कुणाला शब्द कळत नव्हता, पण रांग सरळ झाली. किवी संपल्या तेव्हा घराघरांतून आणखी आल्या. लॉलीची बादली रिकामी झाली, तरी पोरं जाईनात. मग केतकीने भीत भीत चिवडा आणला. सांगाड्याने पहिली मूठ घेतली. म्हणाला, मिरची काढायची असते, मला माहीत आहे.

हे सगळं आटोपल्यावर मी टॉवेल सावरत कुंपणापाशी गेलो. ट्रेव्हरची क्षमा मागायची होती. ते फोनवरचा फोटो आणि मी, मी आणि फोटो, असं आळीपाळीने बघत होते. शॅरनबाईंनी यंत्र माझ्या छातीला लावलं. ते मेलं एकदाही ओरडलं नाही.

"बघा," त्या म्हणाल्या. "काहीच नाही."

"अहो, मीच तो! हा टॉवेल बघा. ही बरणी बघा."

ट्रेव्हरने फोटो माझ्यापुढे धरला. त्यांच्यामागे स्वयंपाकघराचं दार उघडं होतं आणि टेबलावर कालचे सगळ्यांचे कप अजून तसेच ठेवलेले दिसत होते.

"मित्रा, राग मानू नकोस," ते म्हणाले. "खेळ झकास केलास. पण माझी ती उंच होती."

मी फोटोकडे पाहिलं. मग त्या कपांकडे. "हो," मी म्हणालो. "थोडी उंच होती खरी. चहा मिळेल का?"

आंघोळ करून मी गेलो. मागोमाग निम्मी गल्ली आली.

चिपळूणला परतल्यावर स्टँडसमोरच्या टपरीवर मी हे सगळं सविस्तर सांगितलं. आयुष्यात पहिल्यांदा माझ्याकडे पुराव्यासकट गोष्ट होती. मी ट्रेव्हरने पाठवलेला फोटो काढून मित्रांपुढे धरला. त्यांनी चष्मे लावले, उजेडात नेऊन बघितला.

"हा तू?" आमचा बाळ्या म्हणाला. "थापा मारायलाही काही मर्यादा असते. हे भूत आहे."

बाकीच्यांनी माना डोलावल्या. घाटातली सगळी भुतं यांनी माझ्या नुसत्या शब्दावर मान्य केली होती. मी स्वतः फोटोत होतो, ते मात्र मान्य नाही. तेव्हापासून कुणी मला पुरावा दाखवला की मी आधी दाखवणाऱ्याकडे बघतो. त्याला त्यात काय दिसायला हवंय, ते कळलं की फोटो बघायची फारशी गरज उरत नाही. आणि भ्यायचं म्हणाल तर मी अजूनही मनापासून भितो. तेवढ्यासाठी विश्वास कशाला लागतो?

पुढच्या वर्षी नरक चतुर्दशीला मी अंगणात अस्सल कारीट फोडलं, जीभ कडू करून घेतली आणि आत आलो, तर फोन वाजला. ट्रेव्हरचा निरोप होता, त्यांच्या कुंपणावरच्या कॅमेऱ्यातला फोटो. पहाटेचा अर्धा उजेड. पांढरीफटक आकृती, बरणीतला दिवा, डावा पाय उचललेला, तोंडाचा मोठा काळा खड्डा. मागे धूसर अशी बरीच छोटी छोटी भुतं, रांगेत. आणि पुढच्या आकृतीच्या कमरेला, ओळीने, उड्या मारणारी लेस.

खाली ट्रेव्हरने लिहिलं होतं: "ती परत आली आहे. या वेळी जरा बुटकी वाटते."